सुट्टीतले आठ आठवडे

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून शिक्षण समितीच्या वतीने झालेले भाषण. अनेक सभासदांनी मागितल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत.)



आरती झाली आहे आणि प्रसाद अजून वाटायचा आहे. तेव्हा आमच्या हातात वेळ किती, याची आम्हाला कल्पना आहे.

दरवर्षी आजच्या संध्याकाळी आपण गुणवंतांचा सत्कार करतो. दहावी-बारावीची टक्केवारी वाचली जाते, टाळ्या होतात, श्रीफळ, पेनचा सेट आणि एक बॅग दिली जाते. हे आपण कित्येक वर्षे करत आलो आणि पुढेही करू. पण बारावीनंतर त्या मुलाचे पुढे काय झाले, कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची उन्हाळ्याची सुट्टी त्याने कशी घालवली, हे आम्ही कधी विचारले नाही. आज त्या सुट्टीबद्दलच बोलायचे आहे. सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी आपल्यातली एक मुलगी आमच्याकडे आली. एस. वाय. बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. वडील डाइंग मिलमध्ये जेट मशीनवर, आई घरी साडीवर स्टोन लावण्याचे काम करते. मुलीच्या हातात एक पत्र होते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत दोन महिने संशोधनाचे काम करण्यासाठी तिची निवड झाली होती. विद्यावेतन मिळणार होते, पण ते नंतर. गाडीभाडे आणि राहण्याचे पैसे आधी लागणार होते. आम्ही पत्र वाचले, तिचे कौतुक केले, चहा दिला. मग म्हणालो, "लग्नसराईचे दिवस आहेत, गावी जायचे असेल, पुढच्या वर्षी बघू."

ती गेली नाही. पदवी घेतली, आज एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते, चांगले करते. त्या कामात काहीही कमीपणा नाही. पण मध्यंतरी याच मंडपात प्रसादाच्या पुड्या बांधताना विषय निघाला, तेव्हा ती सहज म्हणाली, "काका, पैशांचं मी बघितलं असतं. तुम्ही फक्त एकदा घरी येऊन बाबांशी बोलायला हवं होतं."

तिने तक्रार केली नव्हती, म्हणूनच ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. आमच्याकडे तिने पैसे मागितलेच नव्हते. तिला घरी बोलणारे एक मोठे माणूस हवे होते.

आता ही उन्हाळी संशोधन इंटर्नशिप म्हणजे नेमके काय, ते सांगतो. कारण पुष्कळ पालकांना वाटते की हा एखादा कोर्स असावा, किंवा नोकरीआधीची उमेदवारी. तसे नाही. एखाद्या संशोधन संस्थेतला किंवा विद्यापीठातला प्राध्यापक आपल्या चालू कामातला एक छोटा प्रश्न विद्यार्थ्याला देतो. सुमारे आठ आठवडे विद्यार्थी त्या प्रश्नामागे असतो. वाचतो, मोजतो, चुकतो, पुन्हा मोजतो, आणि शेवटी काय सापडले, काय नाही, याचा अहवाल लिहून देतो. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच जर्नलमध्ये असते. इथे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. फरक काय तो एवढाच, पण तो फार मोठा आहे.

आपल्या गावातलेच उदाहरण घ्या. सुरतचे कापड म्हणजे मुख्यतः पॉलिएस्टर. आपल्यातले कितीतरी जण जेट मशीनवर उभे राहिले आहेत. पॉलिएस्टर १३० अंशांच्या आसपास, दाबाखाली रंगवावे लागते, हे त्यांना तोंडपाठ आहे. सुती कापड मात्र त्याहून बऱ्याच कमी तापमानात रंगते. असे का? पॉलिएस्टरचा धागा आतून घट्ट बांधलेला असतो आणि पाण्याला जवळ करत नाही. तापमान वाढले की त्याच्या साखळ्या सैल होतात आणि रंगाचे कण आत शिरतात. थंड झाला की दार बंद, रंग आत. आता पुढचा प्रश्न: जो रंग आत शिरला नाही, तो पाण्याबरोबर बाहेर जातो, त्याचे काय करायचे? चलथाण-बारडोलीच्या साखर कारखान्यांत उसाचा चोथा निघतो. त्यापासून केलेला कोळसा तो रंग शोषून घेईल का? किती घेईल? पाणी आम्लधर्मी असेल तर जास्त की कमी? दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आठ आठवडे पुरेल असे हे काम आहे. ठरावीक प्रमाणात रंग पाण्यात मिसळायचा, यंत्रावर मोजायचा, आलेख काढायचा. पहिले दोन आठवडे आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत हे शोधताना तो जे शिकेल, ते त्याला कोणत्याही क्लासमध्ये मिळणार नाही.

हे शिकणे किती गरजेचे आहे, ते सचिनला वेगळे सांगायला नको. ६ जानेवारी २०२२ची पहाट आपण विसरलेलो नाही. जी.आय.डी.सी.त टँकरमधून नाल्यात रसायन सोडले गेले आणि विषारी वायूने सहा कामगारांचा जीव गेला. त्या दिवशी आपण सगळे एकमेकांना फोन करून विचारत होतो की हा कसला वायू, किती लांब पसरतो, दारे लावायची की उघडायची. रसायनांच्या इतक्या जवळ राहणाऱ्या वस्तीत रसायन नीट समजणारी माणसे घरोघरी हवीत. ती बाहेरून येतील म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

आणि ही परंपरा सुरतला नवीनही नाही. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे सुरतचे, १८६३चा जन्म. बडोदा कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन उभे राहिले, त्यामागे गज्जरांची दृष्टी होती. तिथे रंगाईचे शास्त्र शिकवले जाई. आपले दादासाहेब फाळकेही त्याच कलाभवनात शिकले. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासले गेले, ते डाग शेवटी काढून दिले ते गज्जरांनीच. पुढे मुंबईत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि तिथे तरुण मुले हाताखाली काम करत शिकली. १९०७ मध्ये अलेंबिक कंपनी सुरू झाली ती गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व अमीन यांच्या प्रयत्नांतून. एक सुरती गुरू, एक मराठी शिष्य आणि एक गुजराती शिष्य. इंटर्नशिप हा शब्द तेव्हा नव्हता, पण गोष्ट हीच होती.

हे सगळे विज्ञानाच्याच मुलांसाठी आहे, असेही कोणी समजू नये. बी.ए. करणाऱ्या मुलांकडे आपण जरा कमी लक्ष देतो, म्हणून मुद्दाम सांगतो. खानदेशातून बारडोलीकडे ऊस तोडायला येणारे मजूर आपल्यापैकी अनेकांच्या नात्यातले, गावातले. त्यांच्या जगण्यावर महत्त्वाचे संशोधन कोणी केले? यान ब्रेमन नावाच्या डच समाजशास्त्रज्ञाने. तो हॉलंडहून दक्षिण गुजरातच्या खेड्यांत आला, वर्षानुवर्षे येत राहिला. आपल्या माणसांची भाषा आपल्या मुलांना येते, त्यांचे दुःख सांगावे लागत नाही, तरी प्रश्न विचारायला दुसरा कोणी आला. इथे सुरतमध्येच, विद्यापीठाच्या परिसरात, आय. पी. देसाई यांनी उभी केलेली सेंटर फॉर सोशल स्टडीज ही संस्था आहे. आपल्यातले किती जण तिच्या दारात गेले आहेत?

आता कामाचे बोलू. विद्यार्थ्यांनी हे लिहून घ्यावे.

पहिली योजना आहे बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमींची. तिघी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम, विद्यावेतन आणि प्रवासखर्च. दुसरी मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची. तिचे नाव नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स, आणि ती २००४ पासून पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. सुरतहून फ्लाइंग राणीने मुंबई आणि पुढे हार्बर लाइनने मानखुर्द, इतके ते जवळ आहे. तिसरी आपल्याच राज्यात, आय.आय.टी. गांधीनगरची उन्हाळी संशोधन इंटर्नशिप. तिच्यासाठी आय.आय.टी.चाच विद्यार्थी असावे लागत नाही. चौथी गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते: केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती. आपल्या बोर्डाच्या बारावीत वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञानात पदवी करणाऱ्या मुलांसाठी ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. त्यातले ६०,००० विद्यार्थ्याला आणि २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. म्हणजे सरकारनेच गृहीत धरले आहे की हुशार मुलाचा उन्हाळा प्रयोगशाळेत जावा. आपण मात्र तो गृहीत धरतो लग्नांसाठी!

नियम, वर्षाची अट आणि शेवटची तारीख दरवेळी त्या संस्थेच्याच संकेतस्थळावर पाहावी. कोणी फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर विसंबू नये.

आपल्या मुलांची सगळ्यात मोठी अडचण हुशारीची नाही, तारखेची आहे. मे महिन्यातल्या कामाचे अर्ज एप्रिलमध्ये भरायचे असतात असे आपल्याला वाटते. अकादमींचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे असतात. त्या वेळी मिल बंद, कॉलेज बंद, आणि आपण सगळे ताप्ती लाइनच्या गाडीत बसून नंदुरबार, धुळे, जळगावकडे निघालेलो. परत येतो तोवर तारीख गेलेली. इतर काही संस्थांचे अर्ज जानेवारी ते मार्चमध्ये असतात, तेव्हा परीक्षांची घाई. म्हणून उन्हाळ्याची तयारी नवरात्रात सुरू करा. शिफारसपत्र ज्या सरांकडून किंवा मॅडमकडून हवे, त्यांना त्याआधी निदान एकदा वर्गाबाहेर भेटा. जे सर तुम्हाला फक्त रोल नंबरने ओळखतात, त्यांनी तरी काय लिहावे?

अर्जात "तुम्हाला हे का करायचे आहे" असे थोडक्यात लिहायचे असते. आम्ही मुलांचे काही मसुदे पाहिले. जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात एकच, "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे." हे वाक्य खोडा. त्याऐवजी लिहा की माझे वडील जेट मशीनवर काम करतात, गडद निळ्या लॉटनंतर पाण्याचा रंग लवकर जात नाही, तो का जात नाही हे मला शोधायचे आहे. असे वाक्य लिहिणारा देशात दुसरा कोणी नसेल. आपण जे घरातले म्हणून लपवतो, तेच तुमचे भांडवल आहे.

प्राध्यापकांना थेट पत्र लिहायचे असेल तर शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. पाच जण निवडा, प्रत्येकाचे काम थोडे वाचा, मग लिहा. आणि आधी जवळचे दार ठोठवा. आपले कॉलेज, वीर नर्मद विद्यापीठ, एस.व्ही.एन.आय.टी., कृत्रिम धाग्यांवर संशोधन करणारी मंत्रा ही सगळी सुरतमध्येच आहेत. पहिल्या वर्षी घरचा डबा घेऊन जवळ काम केलेले असले, की दुसऱ्या वर्षी लांबचा अर्ज भक्कम होतो.

एक इशाराही द्यायला हवा. "इतके रुपये भरा, घरबसल्या इंटर्नशिपचे प्रमाणपत्र मिळवा" अशा जाहिराती मुलांच्या मोबाइलवर रोज येतात. मार्गदर्शकाचे नाव नाही, काम काय ते नाही, फक्त प्रमाणपत्राचा नमुना! अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी कॉलेजच्या शिक्षकांना दाखवा. जिथे प्रश्न नाही तिथे संशोधन नाही.

आता पालकांशी दोन शब्द.

तुमची काळजी खोटी नाही. दोन महिने मुलगा लूम्सच्या खात्यात गेला तर हातात पैसे येतात, आणि त्या पैशांवर पुढच्या सेमिस्टरची फी भरली जाते. आम्ही ते जाणतो, आमच्याही घरी तसेच झाले आहे. म्हणून विद्यावेतन मिळणाऱ्या योजना आधी पाहा असे आम्ही मुलांना सांगतो. पण थोडा पुढचा हिशोबही करा. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी चार वर्षांची करता येते, आणि पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते. ते आपल्याला जमेल का, हे चौथ्या वर्षी कळून काय उपयोग? ते दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात कळायला हवे. आणि "हे माझे काम नाही" असे कळले तरी तो उन्हाळा वाया गेला असे समजू नका. दोन महिन्यांत कळले, चार वर्षे वाचली. अमेरिकेत तिथले विज्ञान प्रतिष्ठान पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अशा उन्हाळी संशोधनाला १९८७ पासून पैसे देते. परदेशात गेलेल्या आपल्या भाच्या-पुतण्यांना विचारा, ते सांगतील.

मुलीला पाठवायचे म्हटले की घरात आणखी एक शांतता पसरते. त्या शांततेसाठी एक गोष्ट सांगतो. १९३३ मध्ये कमला भागवत मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. सी. व्ही. रामन यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाने मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून प्रवेश मिळाला, आणि त्यांचे काम पाहून पुढे तिथे मुलींसाठी दार उघडले. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. त्या म्हणजे कमलाबाई सोहोनी. त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. दार बाहेरून बंद होते, पण घरातून कोणी मागे खेचत नव्हते. आमच्याकडे आलेल्या मुलीच्या बाबतीत उलटे झाले. बाहेरचे दार उघडलेले होते आणि आम्ही ते हळूच लोटून घेतले.

म्हणून शिक्षण समितीने ठरवले आहे ते सांगतो. नवरात्रात पहिल्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात अर्जांची बैठक. त्यात तारखा लावल्या जातील आणि मसुदे वाचून दिले जातील. ज्याची निवड होईल त्याला गाडीभाडे आणि पहिल्या महिन्याच्या राहण्यापुरती उचल मंडळ देईल. विद्यावेतन आले की ती परत करायची, म्हणजे पुढच्याला मिळेल. आणि निवड झालेल्या प्रत्येक मुलामुलीच्या घरी समितीतले एक गृहस्थ आणि एक भगिनी जाऊन बसतील. चहा घेतील, आई-वडिलांच्या शंका ऐकतील, होस्टेलची आणि तिथल्या माणसांची चौकशी स्वतः करून सांगतील.

मागच्या वर्षी हे थोड्या प्रमाणात करून पाहिले. चौघांनी अर्ज भरले, दोघांची निवड झाली. एकजण परत येऊन म्हणाला, "मला लॅबमध्ये करमत नाही, मी मार्केटिंगकडे जाणार." त्यालाही आम्ही टाळ्या दिल्या. दुसरी मुलगी आली ती एक वही घेऊन. रोजची तारीख, रोजचे आकडे, आणि कितीतरी पानांवर लाल पेनाने "चुकले, उद्या पुन्हा". तिची आई ती वही शेजारणींना दाखवत होती. इंग्रजी त्या माउलीला वाचता येत नाही, पण पानांवरची मेहनत तिला वाचता येत होती.

तुमच्याकडून आम्हाला देणगी नको, तीन गोष्टी हव्यात. पुणे, मुंबई, अहमदाबाद, बडोदा इथे तुमचे नातेवाईक असतील तर त्यांचा नंबर द्या. नवख्या मुलाला पहिल्या दोन रात्री ओळखीचे घर पुरते. कारखान्यात लॅबवर, प्रोसेसवर जे आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस चार मुलांना काम दाखवावे, मालकाची परवानगी आम्ही मागू. आणि ज्या घरात कॉलेजला जाणारे मूल आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याला एवढेच विचारावे, "या उन्हाळ्यात तुला काय शोधायचे आहे?" टक्के किती, हे नंतर विचारा.

पुढच्या वर्षीपासून सत्काराच्या यादीत आणखी एक ओळ येईल: ज्यांनी अर्ज केला त्यांची नावे. निवड झाली असो वा नसो.

त्या मुलीला आम्ही समितीत येण्याची विनंती केली होती. ती आली आहे. नवरात्रातली बैठक तीच घेणार आहे, आणि घरोघरी जाणाऱ्या भगिनींमध्ये पहिले नाव तिचे आहे. आम्ही तिचे देणे लागतो, ते असेच थोडे थोडे फेडू.

प्रसाद तयार आहे. गणपती बाप्पा मोरया!